शेवटची लघवी कधी झाली?

एप्रिल-मे म्हणजे आमच्या इन्सुलीत काजूचा हंगाम. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत एक बागायतदार काका दवाखान्यात आले. दोन दिवस जुलाब, उलट्या, त्यात बागेतलं ऊन. "डॉक्टरांनू, कंबर खूप दुखता, सुई मारा." मी वेदनाशामक इंजेक्शन दिलं. लघवीबद्दल विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा सांगत आला, "बाबांका कालपासून लघवीच होवक नाय." क्रिएटिनिन 4.8 निघालं. त्यांना तातडीने बांबोळीला पाठवलं.

चूक माझी होती. ती समजून घ्या, तुमच्या उपयोगी पडेल.

आपल्या मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण 1 लिटर रक्त वाहतं. शरीरातलं पाणी घटलं की हा पुरवठा कमी होतो. तेव्हा मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या मदतीने आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी औषधं नेमकी ही रसायनं तयार होऊ देत नाहीत.

मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो. रक्त कमी पडलं की आधी त्याच गुदमरतात आणि काही मरतात. मेलेली पेशी फुटून आतले पदार्थ बाहेर सांडतात. त्यामुळे पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा होते. मेलेल्या पेशींचा गाळ नलिकांत अडकतो. म्हणूनच उशिरा सलाईन लावून लघवी लगेच सुरू होत नाही.

दिलासा एवढाच, की वाचलेल्या पेशी वाढून नलिकांचं अस्तर पुन्हा तयार करू शकतात. काकांना तीनदा डायलिसिस करावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात लघवी वाढली. सगळेच इतके सुदैवी नसतात.

म्हणून लक्षात ठेवा:

• जुलाब-उलट्या सुरू होताच ओआरएस घ्या. 1 लिटरचं पाकीट 1 लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा. मीठ घातलेली पेजही चालेल.
• अशा वेळी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.
• बीपी किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवसांत काय करायचं, ते डॉक्टरांना विचारा.
• सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा अगदी थोडी व गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता जुलाबाचा पेशंट आला की माझा पहिला प्रश्न असतो, "शेवटची लघवी कधी झाली?" काही जण लाजतात. लाजू नका, उत्तर द्या.