खजिना नसलेली समाधी

शनिवारवाडा तुम्ही पाहिलाच असेल. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे मोजायचा प्रयत्नही केला असेल! पण त्याच शनिवार पेठेत आणखी एक जागा आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. वाड्यापासून नदीच्या दिशेनं निघालं की पाच-दहा मिनिटांत मुठेच्या काठी ओंकारेश्वराचं देऊळ लागतं. ते १७३६ ते १७३८ या काळात बांधलं गेलं. त्याच्याच आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे.

चिमाजीअप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ आणि पानपतावर लढलेल्या सदाशिवरावभाऊंचे वडील. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अप्पाही गेले.

एवढ्या मोठ्या सेनापतीची समाधी, मग आत खजिना असेल का हो? छे! आपल्याकडे देहाला अग्नी देतात, समाधी ही नुसती आठवणीची खूण. सोनंनाणं पुरायची पद्धतच नाही.

चीनमध्ये मात्र उलटं होतं. तिथले सम्राट जमिनीखाली दगडी महाल बांधून घेत आणि मोती, पाचू, सोनं सोबत ठेवत. १९०८ साली वारलेल्या राजमाता त्सिशीची कबर अशीच भरलेली होती. बीजिंगच्या पूर्वेला राजघराण्याचं मोठं कबरस्थान आहे, तिथं तिला पुरलं. अवघ्या वीस वर्षांत, १९२८ साली, सुन त्येनयिंग नावाच्या सेनानीनं 'लष्करी कवायत चालू आहे' अशी बतावणी करून तो परिसर बंद केला. सुरुंग लावून सैनिक आत घुसले. तिची आणि सम्राट च्येनलुंगचीही कबर त्यांनी धुवून नेली. राजमातेचा मृतदेहसुद्धा शवपेटीतून बाहेर ओढला. कबरीत जेवढी दौलत जास्त, तेवढी मेलेल्या माणसाची विटंबना जास्त!

आपलं पुणंही लुटलं गेलंय बरं का. १७६३ साली निजामअलीची फौज चालून आली, तेव्हा लोक बायकामुलांना घेऊन सिंहगडाकडे पळाले. खंडणी न मिळालेली घरं जाळली गेली. लुटारूंचा डोळा जिवंत माणसांच्या घरांवर होता. समाधीत घेण्यासारखं होतं तरी काय?

आता जरा अवघड गोष्ट. लूट काही एकाच बाजूनं होत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. हरलेल्यांना त्यांनी हत्यारं आणि सामानसुमान घेऊन मानानं जाऊ दिलं, हे त्यांचं मोठेपण. पण त्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चच्या भल्यामोठ्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा ही त्यांतलीच. आपण म्हणतो विजयाची खूण. वसईच्या ज्या चर्चमधून ती गेली, तिथल्या माणसांनी काय म्हटलं असेल?

मेणवलीला गेलात तर घंटा वाजवण्याआधी जवळ जाऊन बघा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीमाताही आहे. त्याच घंटेचा टोल कृष्णाकाठच्या महादेवाच्या देवळात घुमतो. आणि ती इथवर आली ज्यांच्यामुळे, ते अप्पा शनिवार पेठेत, मुठेच्या काठी विसावलेत.