कुलूप

इ. स. २०१५ च्या उन्हाळ्यात अँड्रियास श्ट्राउब या विद्यार्थ्याने 'गूगल'च्या विद्यावेतनावर 'ओमेमो' ही भ्रमणध्वनीवरील संदेश कुलूपबंद करण्याची रीत रचली. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली. आणि तीही स्वीकारणाऱ्याच्या प्रत्येक यंत्रासाठी निराळ्या कुलपात! संदेश पोहोचविणाऱ्यास पाकीट तेवढे दिसते, मजकूर नव्हे. कुलपाची घडण मात्र सर्वांपुढे उघडी. नवल वाटते ना? परंतु ज्याची घडण कोणी पाहिलीच नाही, त्या कुलपावर विसंबावे कसे?

उन्हाळा सरला, विद्यावेतन थांबले. पण परक्यांची गुपिते आता त्या कुलपात होती. ऑक्टोबरात त्याने त्या रीतीचा मसुदा लिहून काढला. पुढल्या वर्षी तज्ज्ञांनी ती पारखली. आणि डिसेंबर २०१६ मध्ये संदेशवहनाच्या मानकांत तिची नोंद झाली, तीही 'प्रायोगिक' म्हणून.