अवचित आलेले साडेसात हजार

कष्टाचा पैसा घरात येण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. वाण्याचे इतके, दुधाचे इतके, पोरांच्या वह्यापुस्तकांचे इतके. त्यावर कुणी चर्चा करत बसत नाही, कारण चर्चा करण्याइतकं उरतच नाही. खरी पंचाईत होते ती ध्यानीमनी नसताना आलेल्या पैशाची. तो कुणी मागितलेला नसतो, त्याचा हिशोब आधी मांडलेला नसतो, आणि म्हणूनच घरातल्या प्रत्येकाला वाटतं, हा आपल्याच अडचणीसाठी आला! त्यातून तो पैसा घरातल्या बाईच्या नावावर आलेला असेल, तर मग विचारायलाच नको.

आमच्या केममध्ये २०२४ च्या श्रावणात घरोघरी हेच झालं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जूनच्या शेवटी जाहीर झाली. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिन्याला दीड हजार रुपये. आम्ही अंगणवाडीच्या बाईंकडे जाऊन अर्ज भरले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो, सगळं दिलं. पण खरं सांगू का, पैसे येतील असा भरवसा कुणालाच नव्हता. “फारम भरायला काय जातंय?” असं म्हणूनच सगळ्या रांगेत उभ्या होत्या. आणि १४ ऑगस्टपासून, राखी पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी, खात्यांत जुलै-ऑगस्टचे मिळून तीन-तीन हजार पडायला लागले. माझ्या खात्यात तीन हजार, सूनबाईच्या खात्यात तीन हजार. पुढे सप्टेंबरचे आले, दिवाळीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकदम आले. दिवाळीपर्यंत माणशी साडेसात हजार झाले.

शहरातल्या मैत्रिणींना ही रक्कम लहान वाटेल. पण आमच्याकडे कितीतरी बायका कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जातात. केमचं कुंकू गावोगावच्या देव्हाऱ्यांत पोचलेलं आहे. सूनबाईही तिथेच जाते. संध्याकाळी घरी येते तेव्हा नखांच्या कडांपर्यंत हात लाल असतात, आणि आठवड्याची मजुरी आली की ती घरातल्या डब्यात जाते. डब्यात गेलेला पैसा कुणाचा, असं विचारायची आपल्यात रीत नाही. तो घराचा. तेव्हा कामावर न जाता, कुणापुढे हात न पसरता, आपल्या एकटीच्या नावावर आलेले साडेसात हजार म्हणजे काय, हे ज्या बाईने कधी स्वतःचं पासबुक पाहिलेलं नाही तिला विचारावं.

गंमत बघा, पैसे आल्याची खबर आम्हा दोघींना शेवटी लागली! बँकेत नंबर दिलेले होते ते पुरुषांचे. माझा संदेश ह्यांच्या फोनवर आला आणि सूनबाईचा मुलाच्या. त्यामुळे आम्ही चूल पेटवतोय तोवर ओसरीवर पैशाची वाटणी होऊनसुद्धा गेली होती. विहिरीवरची मोटार जळली होती, तिचं वाइंडिंग करायचं. मुलाचा फोन जुना झाला होता, नव्याचा पहिला हप्ता भरायचा. लेक बार्शीला दिलेली, तिला दिवाळीची साडी. सहा हजार संपलेसुद्धा!

यातली एकही मागणी उधळपट्टीची नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. मोटार नसेल तर उसाला पाणी कुठून द्यायचं? आणि ऊस वाळला तर नुकसान माझंही होणारच. म्हणूनच असा प्रश्न अवघड होतो. समोरचा दारुडा असला, जुगारी असला, तर बाईला ‘नाही’ म्हणायला कारण तरी सापडतं. पण समोर घराची रास्त गरज उभी असली, की आपली गरज तोंडातून निघतच नाही. माझ्या माहितीतल्या किती तरी बायकांचे पैसे असे रास्त कारणांनीच गेले. कुणी हिसकावून घेतले नाहीत. त्यांनी आपणहून काढून दिले, आणि नंतर चुलीपाशी बसून एकट्याच गप्प झाल्या.

सूनबाई त्या दिवशी अशीच गप्प होती. भाकरी थापताना मी तिला विचारलं, “तुझ्या मनात काय आहे गं?” आधी म्हणाली, “काही नाही, आई.” मग दोन भाकरी झाल्यावर हळूच म्हणाली, “शिलाई मशीन घ्यायची होती. लग्नाआधी मला ब्लाउज शिवता यायचे. मशीन माहेरी धाकटीला दिली. जुळतील तेवढे हप्ते साठवीन म्हणते.” तीन वर्षं ती आमच्या घरात आहे. तिला शिवता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

इथे मला माझ्या मामेबहिणीची आठवण झाली. तिला कर्नाटकात, विजापूरकडे दिलेली आहे. तिकडे ऑगस्ट २०२३ पासून ‘गृहलक्ष्मी’ योजना आहे, महिन्याला दोन हजारांची. पण ते दोन हजार मिळतात रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईला, म्हणजे घरात एकीलाच. बहुतेक घरांत ती सासू. सुनेने सासूकडे मागायचे. आपल्याकडे मात्र २०२४ मध्ये नियमात बसणाऱ्या प्रत्येक विवाहित बाईच्या वेगळ्या खात्यात पैसे आले. सासूला वेगळे, सुनेला वेगळे. सरकारने केलेला हा वेगळेपणा घरात आल्यावर आपणच पुसून टाकायचा, की राखायचा? माझ्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे. आणि तो नवऱ्यापेक्षा आम्हा सासवांना जास्त आहे.

कायद्याचं म्हणाल, तर त्याने उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी सांगितली आहे. मग ती मिळकत बक्षीस म्हणून आलेली असो, वारशाने आलेली असो की तिच्या कष्टाची असो. पण कलम पाठ म्हणून दाखवून ओसरीवर कुणी ऐकत नाही. तिथे जरा वेगळी युक्ती लागते.

रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, “मोटारीला किती लागतील?” म्हणाले, “अडीच हजार.” म्हटलं, “माझ्या खात्यातले घ्या. पण उसने. वहीत लिहून ठेवते. उडीद विकला की परत द्यायचे.” हे हसले. “घरातल्या घरात उधारी कसली?” मी म्हटलं, “अहो, सावकाराचे घेतले असते तर लिहिलेच असते ना? सोसायटीचे घेता तेव्हा अंगठा-सही देताच ना? मग बायकोचेच तेवढे बिनलिखापढीचे का?” ह्यांच्याकडे यावर उत्तर नव्हतं. आणि सूनबाईच्या पैशाला कुणी हात लावायचा नाही, हेही तिथेच सांगून टाकलं. मुलगा चार दिवस घुम्म होता. होऊ दे. नवा फोन त्याने पुढे स्वतःच्या कमाईतून घेतलाच.

मोटार दुरुस्त झाली, उसाला पाणी मिळालं. सप्टेंबरात उडीद बाजारात गेला आणि ह्यांनी अडीच हजार माझ्या हातावर आणून ठेवले. वहीतली ओळ मी त्यांच्यासमोर खोडली. त्या खोडलेल्या ओळीचं मोल अडीच हजारांहून जास्त आहे, असं मला आजही वाटतं. त्यानंतर आमच्या घरात कुणी “आहेत की तुझे” असं म्हणत नाही. “देशील का?” असं विचारतात.

आता घरातली तिसरी बाई. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पासष्टी कधीच उलटली, त्यामुळे योजनेत त्यांचं नाव नाही. दोघींचे पैसे आले त्या दिवशी त्या उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, “सून बहीण झाली, नातसून बहीण झाली. मलाच न्हाय व्हय गं कुणी भाऊ?” सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. सत्तर-बहात्तर वर्षांच्या त्या बाईने जन्मभर रानात राबून कधी स्वतःच्या नावाचा एक रुपया पाहिला नसेल. माझ्या पैशातले पाचशे मी त्यांच्या हातात दिले. “कशाला द्यायलीस?” म्हणाल्या. म्हटलं, “कशाला ते तुमचं तुम्ही ठरवा.” महिनाभर ती नोट पदराच्या गाठीतच होती. मग एके दिवशी नातवाला दुकानात पाठवून त्यांनी चहापत्तीचा पुडा आणि दोन किलो साखर आणवली आणि स्वतःच्या लोखंडी पेटीत ठेवली. घरात चहा-साखरेला तोटा आहे का? मुळीच नाही. पण शेजारची म्हातारी आली, की आता आत्या सुनेला हाक न मारता पेटी उघडतात आणि म्हणतात, “बस गं, माझ्या साखरेचा च्या पाजते तुला.”

सूनबाईची मशीन दिवाळीच्या तोंडावर आली, सात हजार दोनशेला. लगेच सोन्याचा धूर निघाला, असं काही झालं नाही. दिवाळीत साड्यांना फॉल लावायला, ब्लाउज शिवायला बायका आल्या. पौषात मशीनवर धूळ बसली. लग्नसराईत परत काम आलं. कुंकवाच्या कारखान्यात ती अजून जाते. पण मशीनचे पैसे डब्यात जात नाहीत. ते तिचे ती ठेवते, आणि मी मोजायला जात नाही.

माझ्या साडेसात हजारांचा हिशोबही सांगून टाकते, म्हणजे उपदेश करते आणि स्वतःचं झाकते असं व्हायला नको. पाच हजार पोस्टात, महिला सन्मान बचत पत्रात. दोन वर्षांची मुदत, साडेसात टक्के व्याज. म्हणजे मुदतीला पाच हजार आठशेच्या आसपास. (ते पत्र ३१ मार्च २०२५ नंतर नव्याने मिळेनासं झालं, पण पोस्टात आवर्ती ठेव आहे, महिन्याला शंभर रुपयांपासून भरता येते.) लेकीच्या साडीला नऊशे. आत्यांना पाचशे. सहाशेचा चष्मा, माझा स्वतःचा. इतकी वर्षं ह्यांचा चष्मा नाकावर ठेवून मी तांदूळ निवडत होते आणि ह्यांना पेपर वाचायचा असला की काढून देत होते. राहिलेले पाचशे डब्यात, अडीनडीला.

मैत्रिणींनो, पैसा योजनेचा असो, कुठल्या जुन्या पावतीचा असो, भिशीचा असो की जमिनीच्या मोबदल्याचा असो, अवचित आला की चार गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं. पहिली, बँकेत स्वतःचा मोबाइल नंबर द्यावा. आपल्या पैशाची बातमी आधी आपल्याला कळली पाहिजे. दुसरी, निदान पंधरा दिवस त्या पैशाला हात लावू नये. आल्या दिवशी जी गरज डोंगराएवढी वाटते, ती पंधरा दिवसांनी कधी टेकडीएवढी झालेली असते, आणि जी खरंच डोंगराएवढी असते ती तशीच राहते. मग तिला जरूर द्यावं. तिसरी, घराला दिलं तर लिहून द्यावं. प्रेम आटत नाही वहीने. चौथी, अशा पैशाच्या भरवशावर हप्त्याची वस्तू घेऊ नये. हप्ता मागे-पुढे होतो, नियम बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली आणि कितीजणी कागदपत्रं घेऊन परत धावपळ करत होत्या. आपला हप्ता मात्र दुकानदार कधी विसरत नाही!

आणि पाचवी गोष्ट फक्त सासवांसाठी. सुनेचा पैसा आला की तिला “काय करणार आहेस?” असं जरूर विचारा. पण विचारताना आवाजात हिशोब नको, कुतूहल असावं. कदाचित तीन वर्षं घरात वावरणाऱ्या त्या मुलीला काय काय येतं, ते तुम्हालाही तेव्हाच पहिल्यांदा कळेल.