ताप लपवणारी घरं

ताप लपवता येतो. खोकला लपवणं अवघड. खोकला उशीत दाबावा लागतो, पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागतो, अगदीच अनावर झाला तर टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. ताप त्या मानाने गप्प राहतो. चुलीपाशी बसलं की लाल झालेल्या चेहऱ्याला धगीचं निमित्त सांगता येतं, आणि एप्रिलच्या उन्हात तसंही कुणाचं अंग थंड नसतं. करोनाच्या त्या दोन वर्षांत अशी घरं गल्लोगल्ली होती. बाहेरून सगळं जिथल्या तिथे: दारात रांगोळी, दोरीवर धुणं. आतल्या खोलीत मात्र कुणीतरी तोंडावर पांघरूण ओढून पडलेलं. ही माणसं अडाणी, बेजबाबदार, असं तेव्हा सहज म्हटलं गेलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आजार लपवण्याचा आपला इतिहास जुना आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. महिनाभरात शहर इतकं भेदरलं, की ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि त्याच्या मागोमाग पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग कमिटी. मार्चमध्ये घरझडत्या सुरू झाल्या. सोजीर बुटांसकट माजघरात, देवघरात शिरत. रोगी दिसला की त्याला रुग्णालयात, घरच्यांना छावणीत, आणि सामान आगीत. मग लोकांनी जे करायचं तेच केलं. आजारी माणसं माळ्यावर नेली, अडगळीत झोपवली, गेलेल्यांना गुपचूप मूठमाती दिली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्या इतिहासाला त्या गोळ्यांचा आवाज पाठ आहे. माझं मन मात्र त्या माळ्यापाशी घुटमळतं. तिथे काखेत गाठ आलेलं कुणी पोर असेल, त्याच्या तोंडावर हात ठेवून बसलेली आई असेल, आणि जिना चढणाऱ्या पावलांकडे दोघांचे कान. त्या आईला डॉक्टर नको होता असं मी कसं म्हणू? तिला बुटांची भीती होती.

त्याच मार्चमध्ये, त्याच पुण्याच्या वेशीवर, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना दवाखान्यात आणत होत्या. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांच्या मुलाने, डॉ. यशवंतरावांनी, उपचारांची सोय केली होती. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतलं एक पोर प्लेगने तापलंय असं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि मळ्यापर्यंत आणलं. त्या 66 वर्षांच्या होत्या. पोर वाचलं असं सांगतात. सावित्रीबाईंना प्लेगने गाठलं आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्या शाळांविषयी आपण पुष्कळ बोलतो, या शेवटच्या वाटेविषयी त्या मानाने कमी. त्या दिवसांत रोगी दिसेल तो दडवायचा, अशी सगळ्या शहराची रीत पडू लागली होती. तरीही एका वस्तीने आपलं पोर त्यांच्या पाठीवर दिलं. पन्नास वर्षं ज्या बाईने लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या लेकी शाळेत नेल्या, तिला पोर देताना दार लावून घ्यावंसं वाटलं नसणार.

मार्च 2020 मध्ये आपल्या राज्यात 1897चा तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला. या वेळी बंदुका नव्हत्या, हे खरं. पण हातावर शाईचे शिक्के होते, दारावर कागद होते, गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले होते. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेली माणसं अँब्युलन्समधून उतरली की सगळी आळी खिडकीत यायची. नेलेल्या माणसाला भेटता येत नव्हतं, आणि तो गेलाच तर त्याचं तोंडही दिसत नव्हतं. अशा वेळी घसा धरलेल्या बाईने तपासणीच्या रांगेत जाऊन उभं राहावं, ही अपेक्षा योग्यच होती. पण तिच्यासाठी ती रांग किती लांब होती, हे सांगणाऱ्यांना दिसत नव्हतं.

धारावीत 1 एप्रिल 2020 रोजी पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या दाटीत काय होणार, या धास्तीने मुंबईने श्वास रोखला होता. तिथे जे झालं त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे लोक पोरांचा ताप आणि म्हाताऱ्यांचे गुडघे घेऊन जात होते, तेच डॉक्टर थर्मामीटर घेऊन गल्लीत आले. ओळखीच्या माणसाला माणूस खरं सांगतो.

हे मी जवळून पाहिलं ते आमच्या आत्याच्या घरी. आत्या वाईजवळच्या एका गावात राहते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने किडमिडीत, दिवसभर पायाला भिंगरी. 2021च्या एप्रिलमध्ये तिला कसकस होती, तोंडाची चव गेली होती, आणि हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाजारपेठेच्या गावात बेड मिळत नाहीत हे रोज कानावर येत होतं. गावातला एक जण गेला तो परत आला नव्हता. आत्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: जे काय व्हायचं ते आपल्या उंबऱ्याच्या आत.

गावची आशाताई, म्हणजे गावासाठी नेमलेली आरोग्य कार्यकर्ती, आली ती नेहमीसारखी मागच्या दाराने. सुनेच्या दोन्ही बाळंतपणांना हीच बरोबर होती; घरातलं कुठलं पोर कधी टोचायचं हे तिला पाठ. ओसरीच्या कडेला टेकली, पाणी मागितलं, आणि पाणी घेऊन आलेल्या आत्याकडे नुसती बघत राहिली.

"काकी, दम लागलाय तुम्हाला."

"मला काय धाड भरलीय? ऊन किती हाय बघ की."

ताईने वाद घातला नाही. पिशवीतून ऑक्सिमीटर काढला. आत्याचं बोट भांडी घासून आणि राखेने खरखरीत झालेलं, नखावर मेंदीचा जुना रंग. ताईने ते बोट सोडून दुसरं घेतलं, हाताचे तळवे एकमेकांवर चोळायला लावले, मगच यंत्र लावलं. कपड्याच्या चिमट्याएवढं ते यंत्र, आत लाल उजेड. आकडा आधी नाचला आणि 95 वर थांबला. "झालं ना?" म्हणून आत्या उठली. ताई म्हणाली, "आता सहा मिनिटं अंगणात फिरायचं. मी पण फिरते तुमच्यासंगं."

दोघी तुळशीला वळसा घालून फिरल्या. आत्या बोलत होती, सुनेला दुधाचं काहीतरी सांगत होती. थांबल्यावर पुन्हा बोट, पुन्हा लाल उजेड. 90.

मला तेव्हा कळलं नव्हतं ते नंतर वाचून समजलं. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की. करोनात पुष्कळदा तो वायू बाहेर पडत राहतो, ऑक्सिजन मात्र हळूहळू उतरतो, आणि माणूस गप्पा मारत धोक्याच्या कडेला जाऊन पोहोचतो. शरीर हाक मारत नाही. बोटातून तांबडा आणि अवरक्त असा दोन तऱ्हांचा प्रकाश सोडून, नाडीच्या ठोक्यागणिक त्यातला किती शोषला जातो यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, ही कल्पना 1974 साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडली. जगभर घराघरांत त्यांच्या यंत्राचा शोध सुरू झाला तेव्हा, 18 एप्रिल 2020 रोजी, ते वारले. गडद त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, असं त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. म्हणूनच बसल्या जागचा एक आकडा पुरत नाही. चालून झाल्यावर तो तीन-चारने उतरला, 93च्या खाली गेला, की निघायचं. ताईने एवढंच शिकून घेतलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

तरी आत्या निघेना. यंत्र तिला दवाखान्यापर्यंत नेणारच नव्हतं. ताई तिच्याजवळ सरकून म्हणाली, "मी गाडीत बसते. तिथल्या सिस्टरला ओळखते. रोज फोन करून सांगते घरी, काय चाललंय ते." तेव्हा कुठे आत्याने कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे दिल्या.

ग्रामीण रुग्णालयात तिला ऑक्सिजन लावला, आणि मग स्टेरॉइड सुरू केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं होतं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा फायदा नाही. त्या एप्रिलमध्ये पुण्यात रेमडेसिविरसाठी लोक औषधांच्या दुकानांबाहेर ताटकळत होते, आणि दुसरीकडे ताप आल्या आल्या भीतीपोटी स्टेरॉइड दिलं-घेतलं जात होतं. पुढे साखर वाढलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठलं, कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. घाबरलेल्या माणसाला उशीर कळत नाही तशी घाईही कळत नाही. वेळेवर म्हणजे नेमकं कधी, हे सांगणारं माणूस त्याला जवळ हवं असतं.

आत्या घरी आली. अशक्त, केस गळलेले, पण आपल्या पायांनी.

साथीच्या काळात बाकीचे आजार रजेवर जात नाहीत, ही गोष्ट आपण फार उशिरा बोलायला लागलो. 2019 साली देशात क्षयाच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती. 2020 साली ती सुमारे 18 लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारी माणसं घरात बसली होती, एसटी बंद होती, तपासणीची यंत्रं आणि माणसं करोनाच्या कामाला लागली होती. कुणाची बीपीची गोळी संपली ती पुढे कितीतरी दिवस आणली गेली नाही. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं. त्याच्यापुढे आधी करोनाचा रिपोर्ट आण म्हणून दारं लागली. छातीत कळ आली ती पित्ताची म्हणून झोपेत घालवली गेली. हे मृत्यू करोनाच्या यादीत कधी आले नाहीत, पण ते त्याच भीतीचे आहेत.

लसीचंही तसंच. 1 एप्रिल 2021 पासून 45 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती, आणि आत्या 'बघू' म्हणत होती. 10 जानेवारी 1897 रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, तरीही त्यांच्या सुईभोवती अफवांचं मोहोळ उठलं होतंच. सव्वाशे वर्षांनी कोव्हिशील्डच्या कुप्या निघत होत्या त्या हडपसरहून, ज्या शिवारात सावित्रीबाई ते पोर पाठीवर घेऊन आल्या होत्या त्याच्या जवळूनच. आणि गावागावांत त्या कुप्यांना लोक भीत होते. आत्याच्या गावी आशाताईने चावडीसमोर सगळ्यांदेखत आपली बाही वर केली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, तो तिने लपवला नाही. तशीच, डोक्याला रुमाल बांधून, गावातून फिरली, आणि विचारेल त्याला सांगत राहिली: येतो एक दिवस, जातो.

या बाईला पगार नाही. थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. जून 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच, राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. तो त्यांचा हक्कच होता. पण मला वाटतं, पुढच्या साथीची तयारी म्हणून आपण पहिली गोष्ट करायला हवी ती म्हणजे या बायकांना नीट, ठरलेला, दर महिन्याला हातात पडणारा पगार देणं. रुग्णालयं बांधावीत, ऑक्सिजनचे प्रकल्प उभारावेत, ते हवेतच. मागच्या दाराने येऊन ओसरीवर टेकणारं माणूस मात्र साथ आल्यावर नेमता येत नाही. ते आधीपासून यावं लागतं, बाळंतपणाला, पोलिओच्या डोसाला, साध्या विचारपुशीला.

परवा आत्याकडे गेलो तेव्हा आशाताई आलेली होती. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरून घ्यायचे असतात: वय, कंबर, तंबाखू, घरात कुणाला साखर आहे का. सून चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मला काय झालंय? मी ठणठणीत हाय. काकींचं लिहा."

"काकींचं झालंय लिहून," ताई म्हणाली. "गुरुवारी उपकेंद्रात ये, बीपी आणि शुगर बघू."

"गुरुवारी पाण्याची पाळी हाय शेतात."

आत्याने सुनेच्या हातातली काटवट काढून घेतली. "पाण्याला मी जाते. तू हिच्यासंगं जायचं. आधी इथं बस, कंबर मोजून घे."