मेण आणि काडतूस

१८५७ शिकवताना ‘चरबी लावलेली काडतुसे’ हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे पाठच म्हणत आलो. मुळात चरबी हवी कशाला, असे यंदा एका विद्यार्थिनीने विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो.

पौषातल्या पहाटे रहिमतपुरात एका स्नेह्याच्या वर्कशॉपमध्ये मधमाश्यांचे मेण आणि तिळाचे तेल घेऊन बसलो. मेण दगडासारखे; ते वितळते सुमारे ६३ अंश सेल्सिअसला. गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवला. पातळ झालेले मेण कागदी नळीवर ओतताओतताच गोठले. तेल वाढवले, तेव्हा कुठे ते पसरले. गोळी एन्फिल्डच्या नळीत सहज उतरावी, दारूची काजळी मऊ राहावी, एवढेच या वंगणाचे काम.

जानेवारी १८५७ अखेर शिपायांना आपापले वंगण लावण्याची मुभा मिळाली. पण संशय तोवर गोठला होता.

काडतूस दातांनी फोडावे लागे. आम्ही नळी ओठांपर्यंत नेली. तिळाचेच तेल, तरी दात लावला नाही.