उचगावचा उतार

कोल्हापूरहून हुपरीच्या वाटेला लागलात की पुणे-बंगळूर महामार्गालगत उचगाव लागते. करवीर तालुक्यातले हे गाव. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यापैकी पुष्कळजण तिथवर गेले असतील. पुढच्या खेपेला वाट थोडी वाकडी करून उचगावात जा. 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेने अपंग मुलामुलींसाठी तिथे 'घरौंदा' हे वसतिगृह उभारले.

ही संस्था 1984 साली नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह सुरू केली. ऐन उमेदीच्या वयात मणक्याच्या दुखण्याने त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. तरी त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि इतरांसाठी उभ्या राहिल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'चाकाची खुर्ची' आहे. घरौंदा बांधताना धोरण एकच होते, खुर्ची कुठे अडू नये. तिथे मुलाला 'मला उचलून न्या' असे म्हणावे लागत नाही.

आपल्या गावात मात्र म्हणावे लागते. झाडावरून पडून किंवा ट्रॅक्टर उलटून मणका गेलेला एखादा कर्ता माणूस पुष्कळ गावांत असतो. लग्न असो, जत्रा असो, तो घरीच राहतो. जागा मागायची घरच्यांना भीड वाटते. 'कशाला लोकांना त्रास?' असे म्हणून वर्षे जातात आणि माणूस सोप्यातच जुना होतो.

भीड सोडा आणि नीट मागा. शेजारच्या गोव्यात साडेचारशे वर्षे पोर्तुगीज होते. त्यांच्या भाषेतही या खुर्चीला 'चाकांची खुर्ची' असेच म्हणतात. भाषा कुठलीही असो, मागणे एकच, खुर्चीसकट चारचौघांत बसायला जागा.

लग्नाला जायचे तर आठ दिवस आधी कार्यालयाच्या मालकांना विचारा : "आमच्याबरोबर चाकाची खुर्ची आहे. आत यायला किती पायऱ्या आहेत? दार तीन फूट रुंद आहे का? संडासापर्यंत खुर्ची जाते का?" आणि सांगा, "पहिल्या रांगेच्या कडेची एक खुर्ची काढून ठेवा, म्हणजे आमचा माणूस घरच्यांशेजारी बसेल." कोपऱ्यात एकटे बसवणे म्हणजे जागा देणे नव्हे. एस.टी.त अपंगांसाठी राखीव आसने असतात. घडीची खुर्ची कुठे ठेवायची ते गाडी सुटण्याआधी कंडक्टरना विचारून घ्या.

उताराचे गणित तुम्हा शेतकऱ्यांना सोपे आहे. पाणी लावताना जमिनीचा उतार तुम्ही नजरेने ओळखता. इथे एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार धरा. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट लांबी पुरे. त्याहून चढ उभा केला तर खुर्ची ढकलणारा दमतो आणि उतरताना ती हातातून सुटते. पृष्ठभाग खरबरीत ठेवा, कडेला कठडा घाला.

हे मागणे म्हणजे मेहेरबानी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती व वाहने अपंगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी घातली आहे. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची असते. त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारा.

पण त्याआधी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या फूटपट्टीने मोजा आणि त्या माणसालाच बरोबर घेऊन जा. तो आत जाऊ शकला नाही, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न कोणता विचारायचा हे सगळ्यांना न सांगता कळेल.