ब्लोअरची मोटर

६ जुलै
वाईला जाताना खंबाटकी घाटात ब्लोअर बंद पडला. धो धो पाऊस, गाडीत चार माणसं, खिडक्या बंद. दोन वळणांत समोरची काच आतून पांढरी झाली. वायपर बाहेरचं पाणी काढतो, आतल्या वाफेवर त्याचा इलाज नाही. आई पुढच्या सीटवरून पदराने काच पुसत होती आणि काच लगेच पुन्हा वाफ धरत होती. मग गाडी एका खड्ड्यात आदळली आणि पंखा आपोआप फिरू लागला.

हीटर म्हणजे थंड मुलखातली चैन, असा आपल्याकडे समज आहे. पण हीटर, एसी आणि काचेवर सोडायची हवा, तिन्हींसाठी गाडीत पंखा एकच असतो. पावसाळ्यात घाट चढणाऱ्यासाठी तो ब्रेकइतकाच गरजेचा आहे.

७ जुलै
गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनने ऐकताक्षणी सांगितलं, "दादा, रेझिस्टर गेलाय. बदलून टाकू." त्याचं अर्धं बरोबर आहे. गेले काही आठवडे पहिले तीन नंबर बंद होते आणि फक्त चौथा चालायचा. कमी वेगासाठी वीज रेझिस्टरमधून जाते, चौथ्या नंबराला ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. त्यामुळे रेझिस्टर जळला की चौथा तेवढा उरतो. पण घाटात चौथाही थांबला होता. त्याचा दोष रेझिस्टरवर जात नाही. मी म्हटलं, आधी मोजू या.

९ जुलै
ग्लोव्ह बॉक्स उतरवला. मोटर त्याच्या मागे, डाव्या बाजूच्या पायांच्या वर असते. फ्यूज शाबूत होता. पंखा रुसून बसेपर्यंत थांबलो, मग स्विच चौथ्यावर ठेवून, कपलर न काढता, मागच्या बाजूने मल्टीमीटरच्या पिना लावल्या. १२.२ व्होल्ट. वीज पोचते आहे आणि मोटर गप्प आहे, म्हणजे दोष मोटरच्या आत. कपलर काढून मोजलं असतं तर हा आकडा फसवा ठरू शकला असता. सैल किंवा काळवंडलेला सांधाही भार नसताना पूर्ण व्होल्ट दाखवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर हलकेच ठोकलं, पंखा सुरू. कार्बन ब्रश झिजले की ते कॉम्यूटेटरवर नीट टेकत नाहीत, हादरा बसला की टेकतात. खड्ड्याचा उलगडा झाला.

चालत्या मोटरला डीसी क्लॅम्प मीटर लावला : २४ अँपिअर. पंखा हाताने फिरवून पाहिला तर जड आणि खरखरीत. बुश कोरडे झाले होते. जड मोटर जास्त करंट ओढते, तो कमी वेगात रेझिस्टरमधून जातो आणि रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज उडतो. नुसता रेझिस्टर बदलला असता तर तोही टिकला नसता.

१० जुलै
नाना पेठेतून मोटर आणि रेझिस्टर आणले. जुनी मोटर सोबत नेली होती. पंख्याचा व्यास, फिरण्याची दिशा, कपलर, सगळं दुकानातच ताडून पाहिलं. दिशा उलटी निघाली तर पंखा फिरतो, पण हवा नीट येत नाही.

११ जुलै
बॅटरीचा निगेटिव्ह काढून काम केलं. तीन स्क्रू, एक कपलर. पंख्याच्या डब्यातून मूठभर वाळकी पानं निघाली, केबिन फिल्टर मातीने लिंपलेला होता. तोही नवा घातला, कारण रेझिस्टर याच हवेच्या झोतात थंड होतो आणि झोत मंदावला की तापतो. कपलरची एक पिन तपकिरी पडली होती, ती इलेक्ट्रिशियनने बदलून दिली.

आता चारही नंबर चालतात. चौथ्यावर करंट १६ अँपिअर.

आपल्या गाडीचा ब्लोअर फक्त वरच्या नंबरावर चालत असेल, तर "चालतंय ना" म्हणून घाटात नेऊ नका. आणि रेझिस्टर बदलायचा झाला, तर त्याआधी मोटर किती करंट ओढते ते मोजायला लावा.